अलंग, मदन, कुलंग आणि आंबेवाडीचे वाटाडे : इंदूरहून गेलेल्या सात जणांचा अनुभव

गेल्या कार्तिकात आम्ही इंदूरचे सात जण सह्याद्रीतील अलंग, मदन आणि कुलंग या किल्ल्यांवर जाऊन आलो. ज्यांच्या भरवशावर गेलो, त्या पायथ्याच्या आंबेवाडी गावातील एका मार्गदर्शकांच्या सेवेबद्दल हा अभिप्राय आहे. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण तशी त्यांचीच विनंती आहे. एका हंगामात जितकी माणसे नीट सांभाळता येतात तितकी त्यांच्याकडे ओळखीतून येतातच, आणि त्याहून अधिक माणसे घेण्याची त्यांची तयारी नाही.

आधी दराविषयी लिहिते, कारण आमची पहिली नाराजी तिथेच झाली. शुक्रवार ते रविवार आलात तर माणशी 4,200 रुपये आणि मंगळवार ते गुरुवार आलात तर 5,500 रुपये, असा त्यांचा निरोप आला. हॉटेल असो की भाड्याची गाडी, शनिवार-रविवारी भाव चढतो आणि मधल्या वारी उतरतो, हाच आपला नेहमीचा अनुभव असल्यामुळे मी फोन करून विचारले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, “काकू, मधल्या वारी माझं भात असतं.” मला ती सबब वाटली आणि मी बरीच घासाघीस केली. त्यांनी एक रुपयाही कमी केला नाही. आता वाटते, केला नाही तेच योग्य झाले.

त्या वाक्याचा अर्थ आंबेवाडीत पोहोचलो त्या संध्याकाळी कळला. इगतपुरी आणि अकोले हा सगळा पट्टा भाताचा आहे. पावसाळा सरता सरता खाचरे पिवळी पडू लागतात आणि दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंत कापणी, भारे बांधणे, वाळवणे, खळ्यावर झोडणे ही कामे एकामागून एक अंगावर येतात. नेमका तोच काळ या डोंगरांवर दोराने चढण्याचाही आहे. हस्ताचा पाऊस संपेपर्यंत कातळावर शेवाळ असते, दुपारी ढग भरून विजा पडतात, गवत कमरेएवढे वाढून कड्याची धार झाकून टाकते. म्हणून कोजागिरीच्या आधी मदनवर कोणालाही न्यायचे नाही, असा या मार्गदर्शकांचा नियम आहे. उलट उन्हाळा लागला की चढणीवर अंग भाजते. म्हणजे वर्षाच्या ज्या सहा-आठ आठवड्यांत शहरातील माणसाला दिवाळीची सुट्टी असते आणि डोंगर सर्वांत चांगला असतो, त्याच आठवड्यांत त्यांचे पीकही उभे असते. सोमवार ते गुरुवार शेतात आणि शुक्रवार ते रविवार दोरावर, अशी त्यांची शरद ऋतूतील वाटणी आहे. आमच्यासाठी ते मंगळवारी निघाले, तेव्हा त्यांच्या खाचरात त्यांच्या जागी मजूर लावावा लागला. त्यांच्याबरोबर जे दोघे मदतनीस आले, त्यांचा पुतण्या आणि शेजारचा एक तरुण, त्यांच्याही शेतात तीच स्थिती होती. दरातला फरक हा तीन माणसांच्या बदली मजुरीचा होता. बांधावर उभे राहून त्यांनी हे पाच मिनिटांत समजावले. हेच चार ओळींत निरोपात लिहिले असते तर मी घासाघीस केलीच नसती. ही माझी पहिली तक्रार आहे, आणि ती दराबद्दल नसून न सांगण्याबद्दल आहे.

आम्ही एवढे पैसे देऊन मधले वार का निवडले, हेही सांगायला हवे. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी एका दुसऱ्या आयोजकाबरोबर याच वाटेने गेले होते. त्या दिवशी आमच्या एका गटातच 46 माणसे होती, वर आणखी दोन गट होते, आणि अलंगच्या रॉक पॅचखाली, म्हणजे दोराने चढायच्या कातळटप्प्याखाली, मी माझा क्रमांक येण्याची साडेतीन तास वाट पाहिली. खाली उभे असताना वरून पायाखालचे दगड निसटत होते. ज्यांनी मला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, बांधला त्यांनी बकल पुन्हा तपासले नाही, ते मीच तपासले. गुहेत पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले आणि शेवटचे दोघे बॅटरीच्या उजेडात कातळ चढले. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री मी ठरवले की पुन्हा आले तर माणसे मोजून येईन.

इंदूरकरांच्या सोयीसाठी प्रवासाचे थोडक्यात सांगते. आपला ए. बी. रोड म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गच पुढे आंबेवाडीच्या वाटेवरच्या घोटीवरून जातो, त्यामुळे तिथपर्यंत रस्ता बदलावाच लागत नाही. खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरायचे, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड आणि नाशिक. नाशिकपर्यंत सुमारे 400 किलोमीटर होतात. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल वाटेवरच आहे. आम्ही येताना पाहिला. सोमवारी पहाटे पोहे खाऊन, दशम्या आणि शेवेचा डबा बरोबर घेऊन निघालो आणि दिवस मावळायच्या सुमारास आंबेवाडीत होतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मार्गदर्शकांनी पडवीत दोर पसरला. या सेवेतील सर्वांत मोलाचा अर्धा तास कोणता असे मला कोणी विचारले, तर मी तोच सांगेन. दोराचे एक टोक पुतण्याच्या हातात आणि मधला भाग त्यांच्या अंगठा आणि बोटांच्या चिमटीत, असे करून त्यांनी सबंध दोर वीतभर, वीतभर पुढे सरकवत चाचपला. गिर्यारोहणाच्या दोरात आत धाग्यांचा गाभा असतो आणि त्यावर विणलेले कवच असते. कवच धडधाकट दिसत असले तरी आतला गाभा एखाद्या ठिकाणी तुटलेला असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला मऊ किंवा चपटा लागतो. एका जागी त्यांचा हात थांबला. त्यांनी तिथे दोर दुमडून पाहिला. निरोगी दोर दुमडला की गोल कमान होते, इथे ती टोकदार होत होती. काही न बोलता त्यांनी तो दोर बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. सकाळी मी त्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाले, “तो आता भारे बांधायला.” आम्ही निघालो तेव्हा तो दोर खरोखरच गोठ्याजवळ कापून ठेवलेला होता, म्हणजे चुकूनही कोणी तो पुन्हा चढाईला नेऊ नये.

चढाईसाठी ते डायनॅमिक दोर वापरतात, म्हणजे माणूस निसटला तर स्वतः ताणला जाऊन झटका शोषून घेणारा. रॅपलिंगने, म्हणजे दोराच्या आधाराने कड्यावरून, उतरताना मात्र कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोर लावतात. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या आणि दोन्हींवर खरेदीचे वर्ष लिहिलेले. हार्नेसवरही वर्ष लिहिलेले होते. नायलॉनच्या वस्तू न वापरताही जुन्या होतात आणि दहा वर्षांपलीकडे कितीही चांगल्या दिसल्या तरी त्या निवृत्त करायच्या असतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजले.

मंगळवारी सकाळी सहाला निघालो. तिघांनी आपापली जागा आधीच ठरवलेली होती आणि तीन दिवस ती बदलली नाही. एक जण वर, जो आधी चढून दोर लावतो आणि वरून बिले देतो, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळून धरतो. एक जण कातळाच्या पायथ्याशी, जो प्रत्येकाची गाठ, बकल आणि कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू पाहतो आणि मगच सोडतो. तिसरा वाट पाहणाऱ्यांजवळ, दगड निसटून येतील त्या रेषेपासून दूर. सात माणसांसाठी तीन माणसे ही उधळपट्टी वाटू शकते, पण दहाच्या वर माणसे गेली की हा तिसराच आधी कमी केला जातो आणि वाट पाहणारे उघडे पडतात. त्या दिवशी अलंगचा कातळटप्पा आम्ही सर्वांनी मिळून एक तास चाळीस मिनिटांत पार केला आणि ऊन उतरायच्या आत गुहेत होतो.

एक गोष्ट विशेष नमूद करायची आहे. मार्गदर्शकांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला आदल्या आठवड्यात विळा लागला होता आणि बोटाला पट्टी होती. निघण्यापूर्वी आम्हा सर्वांना समोर बसवून त्यांनी ते बोट दाखवले आणि सांगितले की या तीन दिवसांत बिले पुतण्या देईल. दोराचे ब्रेकचे टोक, म्हणजे निसटलेल्याला रोखून धरणारे टोक, ज्या हातात असते तो हात एका क्षणासाठीही सुटता कामा नये, आणि दुखरे बोट ऐन वेळी काय करेल याची खात्री देता येत नाही. ते स्वतः कातळाच्या पायथ्याशी उभे राहत. हातमोजा चढवला असता तर आमच्यापैकी कोणालाही ते बोट दिसले नसते. आपल्या हाताची उणीव गिऱ्हाईकाला आपण होऊन सांगणारा व्यावसायिक मला इतर कोणत्याही सेवेत क्वचितच भेटला आहे.

मदन हा या तिघांतला खरा कस पाहणारा किल्ला. 1818 मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या, त्यात अलंग-मदनच्या पायऱ्याही गेल्या. आपल्याकडे मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेही हेच वर्ष. त्या तुटलेल्या पायऱ्यांमुळेच आज तिथे दोर लागतो. खिंडीतून निघालेली कोरीव पायऱ्यांची अरुंद वाट, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी, आणि मग जिथे पायऱ्या संपतात तिथे ताठ उभा कातळटप्पा.

त्या टप्प्याच्या मध्यावर माझे दीर अडकले. वय 58, प्रकृती उत्तम, इंदूरजवळच्या जानापाव डोंगराचा चढ आमच्यात सर्वांत आधी चढणारे. पण उजवा पाय वर टाकायची वेळ आली आणि ते कातळाला पोटाने चिकटले, दोन्ही गुडघे थरथरू लागले. खालून आम्ही सर्वांनी एकदम बोलायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याजवळ थांबलेल्या तरुणाने नुसता हात वर करून आम्हाला गप्प केले. मग कातळाच्या पायथ्यापासून फक्त एक आवाज येत राहिला. मार्गदर्शक त्यांना “चढा” असे एकदाही म्हणाले नाहीत. आधी वरच्या पुतण्याला सांगून दोर थोडा ताणून घेतला, जेणेकरून दिरांना कमरेशी आधार जाणवावा, आणि मग म्हणाले, “काका, बसा दोरावर. दोर तुम्हाला धरतोय का बघा.” दीर काही वेळाने खरोखरच हार्नेसमध्ये बसले. मग “टाचा खाली करा”, मग “पोट कातळापासून लांब घ्या, म्हणजे पाय दिसतील”, मग “डाव्या गुडघ्यासमोर वाटीएवढी खोबण आहे, तिच्यात बोटे घाला.” टाच वर उचलली की पोटरी थरथरते आणि टाच खाली आणली की थांबते, भीती आणि थरथर यांतली कोणती गोष्ट आधी थांबवायची, हे त्यांना ठाऊक होते. अकरा मिनिटे गेली. माझ्या मुलीने घड्याळ पाहिले होते. त्या अकरा मिनिटांत पाठीमागे दुसरा गट नव्हता, खालून कोणी घाई करत नव्हते, आणि मधल्या वाराच्या दरात आम्ही काय विकत घेतले याचा अर्थ मला तिथे उभी असताना स्पष्ट झाला. दीर वर पोहोचले. नंतर तिथे भेटल्यावर त्यांना पाणी देऊन मार्गदर्शकांनी आधी विचारले, “उतरताना आधी जाल की मधे?” परतीची काळजी माथ्यावर पोहोचायच्या आधीच सुरू झालेली होती.

कातळात जुने गंजलेले खिळेही दिसतात. त्यांतल्या एकालाही त्यांनी दोर लावला नाही. प्रत्येक अँकर, म्हणजे दोर अडकवायचा आधार, कातळातल्या दोन वेगवेगळ्या बोल्टना स्लिंगने, म्हणजे मजबूत पट्ट्याने, असा बांधला की एक निखळला तरी भार दुसऱ्यावर राहील. कड्यावर आग्या मोहोळे होती, म्हणून निघतानाच अत्तर आणि सुवासिक तेल न लावण्याची ताकीद होती आणि गुहेशिवाय कुठेही धूर करू दिला नाही.

आता उणिवा. हेल्मेट सगळी एकाच मापाची होती. माझ्या मुलीच्या डोक्यावर ते पुढे सरकत होते आणि शेवटी आत रुमालाची घडी घालून बसवावे लागले. दोराबाबत इतकी दक्षता घेणाऱ्यांनी दोन लहान हेल्मेटे घ्यायला हवीत, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. दुसरे, आमच्या गटात चार बायका होत्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी आडोशाची कोणतीही व्यवस्था नव्हती. एक लहानसा उभा तंबू दीड-दोन किलोचा येतो, तो एका मदतनीसाच्या पाठीवर सहज जाईल. याबाबतीत त्यांचे उत्तर मला समाधानकारक वाटले नाही. स्त्रियांचे गट येत राहणार असतील तर ही मागणी प्रत्येकीने नोंदणीच्या वेळीच करावी. तिसरे, अलंगच्या गुहेतले रात्रीचे जेवण. नागलीची भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी चवीला उत्तम होती, परंतु तिखट इतके की आम्हा माळव्याच्या जिभांना दोनदा ताक मागावे लागले, आणि तिथे ताक कुठून असणार. आपल्या शेवेचा डबा त्या रात्री उपयोगी पडला. टाक्यातले पाणी मात्र त्यांनी कापडातून गाळून आणि उकळूनच दिले, आणि सातांपैकी एकाचेही पोट बिघडले नाही.

गुरुवारी कुलंग होता. तिथे दोराची गरज पडत नाही, पण चढ लांब आणि दमवणारा आहे. बुधवारी रात्री मार्गदर्शकांनी प्रत्येकाशी वेगळे बोलून विचारले की पाय कसे आहेत, आणि सर्वांसमोर कोणाला काही कबूल करावे लागू नये याची काळजी घेतली. दोघांनी न जाण्याचे ठरवले, त्यात दीर होते. त्या दोघांना मदतनीसाबरोबर सकाळी गावात उतरवले गेले. आम्ही पाच जण कुलंगच्या माथ्यावरून समोर मदन आणि अलंग, आणि त्यांच्यामागे 1,646 मीटरचे कळसूबाई पाहत होतो, त्या वेळी ते दोघे खळ्यावर बसून भाताची झोडणी पाहत होते. दिरांनी एक पेंढी हातात घेऊन झोडूनही पाहिली आणि दहा-बारा फटक्यांत खांदा धरला म्हणाले. संध्याकाळी आम्ही उतरलो तेव्हा मार्गदर्शकांनी पाठीवरचा दोर पडवीत उतरवला, चहाचा अर्धा पेला घेतला आणि आमचा हिशेब होण्याआधीच ते खळ्याकडे गेले, कारण रास झाकायची राहिली होती. हिशेब त्यांच्या पत्नीने केला, तोही वहीत लिहून.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. मार्गदर्शक निवडताना किल्ल्यांची छायाचित्रे पाहण्याऐवजी तीन प्रश्न विचारा : एका दोरावर किती माणसे, दोर कोणत्या वर्षीचा, आणि वाट पाहणाऱ्यांजवळ कोण थांबणार. आमच्या मार्गदर्शकांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे बेसिक आणि ॲडव्हान्स असे दोन्ही अभ्यासक्रम केलेले आहेत आणि प्रमाणपत्रे मागितल्यावर लगेच दाखवली. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणीचा कागदही मागावा. चांगला माणूस त्याने दुखावला जात नाही. आपल्या बाजूने तयारीही हवी. आम्ही चार रविवार पाठीवर सात किलो वजन घेऊन जानापावला चढ-उतार केली. चंबळेचा तो उगम आणि अलंगचा कडा यांचा काळा खडक एकच, बेसॉल्टचा, पण जानापाव पायांना दम देतो, उघड्या दरीच्या काठावर उभे राहण्याची सवय देत नाही. ती सवय नसेल तर तसे मार्गदर्शकांना आधीच सांगावे. दिरांनी सांगितले नव्हते.

दीर आणि आमच्यातल्या दुसऱ्या एक बाई, दोघांचा कुलंग राहिला आहे आणि दोघांनी येत्या कार्तिकासाठी नाव नोंदवले आहे. पैसे घेण्यास मार्गदर्शकांनी अजून नकार दिला आहे. पाऊस कसा होतो आणि भात कधी पिकते ते पाहून सप्टेंबरच्या अखेरीस तारीख कळवतो, असा त्यांचा निरोप आहे, आणि या वेळी त्याच निरोपात मधल्या वारांचा दर का जास्त आहे तेही चार ओळींत लिहिलेले आहे.